स्टुलांचा करार

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. एकदा उचललास तो ‘मीटिंगमध्ये आहे ताई, नंतर करतो’ एवढं सांगायला, आणि तुझं ते नंतर अजून उजाडलेलं नाही. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला मधेच ‘हो हो, कळलं’ म्हणून विषय बदलता येत नाही. आई म्हणाली, त्याच्यावर रागावू नकोस. मी रागावलेली नाही. मी वैतागलेली आहे, आणि या दोन्हींत काय फरक असतो ते तुला लहानपणापासून चांगलं ठाऊक आहे.

तू पाठवलेली पुस्तिका मिळाली. ‘कामगार संबंध आणि कामगार संघटना : प्राथमिक ओळख’. आत तुझी चिठ्ठी, की आमच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलांना हे शिकवायचंय, तू एकदा नजर टाक, काही राहिलं असेल तर सांग. सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन वाचायला बसले. एका पानावर त्रिकोण काढलाय. एका टोकाला मालक, दुसऱ्याला कामगार, तिसऱ्याला सरकार, आणि त्यांच्यात ये-जा करणारे बाण, सगळे एका मापाचे. ज्याने तो काढला त्याला समेट अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेरच्या बाकावर एक दिवस बसवायला हवं, म्हणजे कुठला बाण किती लांब असतो ते कळेल. त्याखाली व्याख्या आहे : समान हितसंबंध असलेल्या कामगारांनी स्वेच्छेने उभारलेली कायमस्वरूपी संस्था म्हणजे संघटना. समान, स्वेच्छेने, कायमस्वरूपी. मी एकेका शब्दावर थांबून हसले, तोवर चहा गार झाला. काय राहिलंय विचारतोस, तर माणसं राहिलीत. बाकी छपाई छान आहे.

तेव्हा आता ऐक. आमची युनियन झाली त्या वर्षी तू हॉस्टेलवर होतास, परीक्षा तोंडावर होती, म्हणून मी तुला ‘सगळं ठीक’ एवढंच कळवत राहिले. ठीक काहीही नव्हतं.

आमचा धुलाईचा कारखाना तू फाटकाबाहेरूनच पाहिलायस. मला छत्री द्यायला आला होतास आणि म्हणालास, किती छान वास येतो गं इथे. तो वास फक्त बाहेर येतो. आत दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी गोण्या भरभरून येतात, आणि निवडायच्या खोलीत त्या गोण्या उघडल्या की काय काय निघतं ते जेवताना सांगण्यासारखं नाही. चष्मे निघतात, कात्र्या निघतात, एकदा कवळी निघाली होती आणि ती परत न्यायला कुणी आलं नाही. धुऊन काढलेली चादर मग रोलरवर जाते. रोलर म्हणजे खोलीएवढी लांब तापलेली इस्त्री समज. या बाजूने दोघी चादरीची टोकं ताणून आत सोडतात, पलीकडून दोघी ती झेलतात, आणि तिथून ती आमच्या घडीच्या टेबलावर येते. सगळी पाळी उभ्याने. संध्याकाळी पाय चपलेत शिरायला तयार नसतात.

पूर्वी आमच्याकडे स्टुलं होती. साधी, लाकडी, कुणी आणि कधी आणली ते कुणालाच माहीत नव्हतं. पुढची चादर येईपर्यंत जरा टेकायचं, आली की उठायचं. मग नवे मॅनेजर आले. ते आधी एका बड्या हॉटेलात होते, आणि तिथे म्हणे पाहुण्यांसमोर नोकर माणूस बसत नाही. एका दवाखान्याचे लोक कारखाना बघायला आले होते, त्यातल्या एका बाईंनी सहज विचारलं, ‘या बसल्यात का?’ दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो तर एकही स्टूल जागेवर नव्हतं.

आता तुझ्या पुस्तिकेत राहिलेली गोष्ट इथून सुरू होते. स्टुलं गेली म्हणून कुणी एकत्र वगैरे आलं नाही. प्रत्येक जण सुपरवायझरला एकेकटी गाठून आली. एकीने गुडघ्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र नेलं. एकीने आपली नणंद त्याच्या बायकोची मैत्रीण असल्याचं काढलं. मीही गेले, माझी पाठ दुखते म्हणून. तो प्रत्येकीला आवाज खाली आणून सांगायचा, ‘तुझ्यासाठी बघतो, पण बाकीच्यांत बोलू नकोस.’ आणि आम्ही सगळ्या आपापलं गुपित सांभाळत, एकमेकींकडे जरा कीव करून बघत, उभ्या राहिलो. बरेच दिवस.

ते फुटलं जेवणाच्या सुट्टीत, आणि फोडलं खडूसने. खडूस ही आमच्या रोलरवरची सगळ्यांत जुनी बाई. कुणाबद्दल बरं बोलायची वेळ आली की तिच्या कपाळावर आठ्या पडतात. ती डबा उघडता उघडता म्हणाली, ‘तुम्ही बसा रडत. मला तो म्हणालाय, तुझ्यासाठी बघतो.’ सगळ्यांचे हात थांबले. कुणीतरी म्हणालं, ‘मलाही म्हणालाय.’ मग दुसरी, मग तिसरी. खरं सांगते, राग नंतर आला. आधी लाज वाटली. आमची युनियन त्या लाजेतून झाली, आणि ते कुठल्या व्याख्येत बसत असेल तर मला जरूर कळव.

तरीही आम्ही दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कामाला लागलोच असतो. पण घडीच्या टेबलावर माझ्या शेजारी अबोली होती. आम्ही ठेवलेलं नाव ते, पाळी संपेपर्यंत ती तोंडातून शब्द काढायची नाही. तिचे पाय सुजायचे. एका दुपारी तिने कपड्यांची टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसून घड्या घालायला लागली. काम थांबलं नव्हतं, घडीला घडी जुळत होती. सुपरवायझरने उठवलं, ती उठली. तो गेला, ती पुन्हा बसली. तिला ताकीद मिळाली, मग दुसरी ताकीद, आणि एका सकाळी तिला ऑफिसात बोलावून कामावरून काढून टाकलं. शिस्तभंग आणि हलगर्जीपणा. ती परत आली, अंगावरचा एप्रन काढला, त्याची नीट चौपदरी घडी घातली, टेबलावर ठेवली आणि गेली. तेव्हाही ती काही बोलली नाही. आम्हीही नाही. चादरी येत होत्या.

त्या संध्याकाळी त्या सगळ्या माझ्या खोलीवर आल्या. का माझ्या, तर ती सगळ्यांना जवळ पडते. जिन्यात चपलांचा ढीग, खालची घरमालकीण दोनदा वर येऊन ‘कुणी गेलं की काय?’ म्हणून विचारून गेली. एवढ्या बायका आल्या म्हणून मी पडद्याआड चहा टाकायला गेले, आणि चहा घेऊन बाहेर आले तोवर मी सेक्रेटरी झाले होते. एकमताने. मी विचारलं, मला का? तर म्हणे, तुझं अक्षर चांगलं आहे आणि तुझं लग्न झालेलं नाही. हे तुमचं ‘स्वेच्छेने’.

पुढचे काही महिने माझ्या नाकी नऊ आले. सह्या गोळा करायच्या तर ज्या बाईने रात्री सही केली ती सकाळी फाटकाशी उभी, ‘ताई, माझं नाव खोड, घरी कळलं तर मारतील.’ खोडलं की दुपारी पुन्हा, ‘ताई, राहू दे.’ युनियनला नाव काय द्यायचं यावरून दोन गट पडले, एकमेकींशी बोलेनात. नोंदणीच्या कचेरीत गेले तर तिथला माणूस म्हणाला, तुमच्याबरोबर पुरुष कुणी नाही का? आणि नोंदणी झाली, तर सगळ्या सुटल्यासारख्या झाल्या. मीटिंगला ये म्हटलं की पाहुणे येतात, मूल आजारी पडतं, डोकं चढतं. ‘ताई बघतील.’ हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की झोपेतही ऐकू येतात. वरून विचारणार, ‘तुमची युनियन करते काय?’ अगं, तू युनियन नाहीस का? ‘मी सही केलीय की.’ जशी काही सही म्हणजे एसटीचं तिकीट, आता बसून राहायचं आणि गाव आलं की उतरायचं.

मॅनेजर आम्हाला भेटायलाच तयार नव्हते. म्हणाले, ‘आपण इथे एका कुटुंबासारखे आहोत, मधे युनियन कशाला?’ मी म्हटलं, साहेब, कुटुंबात बसली म्हणून कुणाला ताकीद देत नाहीत. त्यावर त्यांनी स्वतः बोलणं सोडलं आणि एका सल्लागाराला आणलं. आम्ही त्याला गोडबोल्या म्हणायचो. तुझ्याच धंद्यातला, कंपन्यांच्या वतीने कामगारांशी बोलणी करणारा माणूस. तो आम्हाला खुर्च्या द्यायचा, चहा द्यायचा, प्रत्येकीला ताई म्हणायचा, आणि प्रत्येक मागणीला मान हलवून म्हणायचा, ‘तत्त्वतः मान्य.’ अबोलीला परत घ्या. तत्त्वतः मान्य. स्टुलं परत द्या. तत्त्वतः मान्य. आम्ही उड्या मारत बाहेर पडायचो, आणि पुढच्या बैठकीत तो तितक्याच गोड आवाजात सांगायचा की मला तसा अधिकार नव्हता, मी फक्त भावना समजून घेत होतो. असं त्याने हंगाम उलटेपर्यंत केलं. तोवर अबोली घरी बसून होती, आणि तिच्याकडे जाऊन ‘होतंय, होतंय’ सांगायचं काम कुणाचं, ते तू ओळखलंच असशील.

शेवटी काम बंद करायचं ठरलं, आणि त्या मीटिंगला मात्र झाडून सगळ्या आल्या. खडूस दाराशी बसली होती, ती नेहमी दाराशीच बसते, म्हणजे न पटल्यास निघता येतं. ती म्हणाली, ‘दवाखान्याचे कपडे अडवा. ऑपरेशनचे झगे गेले नाहीत की मालक धावत येईल. हॉटेलच्या चादरींना कोण विचारतंय?’ तिचं गणित बरोबर होतं, आणि म्हणूनच मी घाबरले. मी म्हटलं, तिथे टेबलावर झोपलेल्या माणसाने आपलं काय बिघडवलंय? ‘आपण तरी मालकाचं काय बिघडवलं होतं?’ ती म्हणाली. बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मी हरणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात कोपऱ्यातून अबोली बोलली. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच नीट ऐकला. ‘माझ्या नावाने आजारी माणसाचं काही अडवू नका. अडवणार असाल तर मला परत यायचंच नाही.’ त्यावर मत घेतलं. आमचा संप अर्धा झाला, दवाखान्याचं काम चालू, हॉटेलचं बंद.

अर्धा संप म्हणजे काय ते कुणी तुझ्या ऑफिसातल्या त्या नव्या मुलांना शिकवेल का? दवाखान्याचे कपडे करायच्या त्या आत जातात, बाकीच्या फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहतात, आणि आतल्या बाहेरच्यांच्या नजरेला नजर देत नाहीत. आत हॉटेलच्या ओल्या चादरी कुजायला लागल्या. मॅनेजरने बाहेरून बायका आणल्या. त्यातली एक दुसऱ्या रोलरवर चादर सोडत होती, तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. चादर तिरकी गेली, ती सरळ करायला तिने हात पुढे घातला, आणि चादरीबरोबर बाहीही आत ओढली जायला लागली. शेजारच्या रोलरवर खडूस होती. तिने आधी लाल बटण दाबलं, मग त्या बाईला मागे खेचलं. मनगटाला भाजलं, हात वाचला. मग खडूसने तिला अशा शिव्या दिल्या म्हणे, की मशीन बंद असल्यामुळे त्या फाटकापर्यंत ऐकू आल्या. आणि शिव्या देता देता चादर कशी धरायची तेही दाखवलं. संध्याकाळी आमच्या बायका खडूसवर तुटून पडल्या. संप फोडायला आलेलीला काम शिकवलंस? ती म्हणाली, ‘मग काय हात जाऊ देऊ? उद्या तुमच्यात आली तर घडी घालायला दोन्ही हात लागतील ना?’ संप चालू होता तोवर ती बाई पुन्हा आली नाही. नंतर कायमची लागली ती आमच्याच टेबलावर. आता वर्गणी गोळा करते, आणि न देणाऱ्यांना अगदी खडूससारखी बोलते.

प्रकरण समेट अधिकाऱ्यापुढे गेलं. सरकारी कचेरी, करकरणारा पंखा, आणि अधिकाऱ्याला जबर सर्दी. गोडबोल्याने पुन्हा सुरू केलं, ‘तत्त्वतः आमचा विरोध...’ अधिकारी रुमालातून म्हणाला, ‘तत्त्व राहू दे हो. स्टूल देणार का ते सांगा.’ त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले मला. दिवसभर खेचाखेची झाली. संध्याकाळी करारावर सह्या झाल्या. अबोली कामावर परत. घडीच्या टेबलाला स्टुलं. रोलरला स्टुलं नाहीत, पण तिथल्या बायकांची पाळीपाळीने टेबलावर बदली, म्हणजे त्यांनाही टेकायला मिळेल. यापुढे कुणालाही काढण्याआधी युनियनचं म्हणणं ऐकणार. मला वाटलं, आपण केवढं मिळवलं. बाहेर आले, वाचून दाखवलं. मग एक जण म्हणाली, ‘एवढंच?’

एवढंच. मी त्या रात्री घरी येऊन भांडी आपटली. पण ते ‘एवढंच’ पुस्तिकेत घाल, धाकट्या, कारण तोच सगळा धडा आहे. नवरा-बायकोला निदान वेगळं होता येतं. आम्हाला आणि मॅनेजरला भांडण संपल्यावर दुसऱ्या सकाळी त्याच फाटकातून आत जायचं असतं, तीच मशीनं चालवायची असतात. समोरच्याला पुरतं लोळवलं तर तो उद्या त्याचं उट्टं कामात काढतो, आणि आपण लोळलो तर आपण मनातून काम सोडतो. म्हणून अर्धं घ्यायचं, लिहून घ्यायचं, आणि ते पाळलं जातंय की नाही ते रोज बघायचं. रोज बघायचं काम कुणाचं? ताई बघतील.

आता आजचं. मॅनेजर घडी घालायचं यंत्र आणताहेत. रोलरमधून निघालेली चादर ते स्वतःच दुमडून बाहेर टाकतं, म्हणजे आमच्या टेबलाचं काम संपलं. स्टुलांवर बसायला बायकाच उरणार नाहीत. यंत्र येऊ नये असं मी म्हणत नाही, माझीही बोटं कामातून गेलीत. पण त्या टेबलावरच्या बायकांचं काय, कुणाला कुठे घेणार, कुणाला शिकवणार, कुणाला घरी पाठवणार, यावर बोलणी आहेत. बोलण्यांसाठी कंपनीने तुमच्या ऑफिसचा माणूस मागितला, आणि तुमच्या ऑफिसने तुझं नाव दिलं. तुझं पहिलं मोठं काम. हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. कळलं आईकडून, आणि तेही तू नकार दिल्यावर. ‘घरगुती अडचण’ असं सांगितलंस म्हणे. आई फोनवर भरून आली होती, ‘बघ, तुझ्यासाठी त्याने किती केलं.’ साहेब तुझ्यावर नाराज आहेत, तुझी नोकरी अजून पक्की नाही, आणि तुझ्या जागी कोण येतोय ठाऊक आहे ना? गोडबोल्या. तुझ्या चांगुलपणापायी आमच्या नशिबी पुन्हा ‘तत्त्वतः मान्य’. माझ्यासाठी काही करायचंच होतं, तर आधी मला विचारायचंस. आयुष्यभर हेच ऐकतेय मी, सगळे माझ्यासाठी बघताहेत आणि मला कुणी सांगत नाही.

मी दोन दिवस चिडचिड केली आणि मग मीटिंग बोलावली. सगळं उघड सांगितलं. माझा भाऊ समोरच्या बाजूने यायचा होता, त्याने माझ्यामुळे नकार दिला. तो कंपनीच्या बाजूने घासाघीस करेल, चांगलीच करेल, पण जे देता येत नाही ते देतो म्हणणार नाही, हे मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय म्हणून सांगू शकते. बहीण-भाऊ एका टेबलाच्या दोन बाजूंना बसू शकत नाहीत, बसले तर करार कितीही चांगला झाला तरी त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. तेव्हा दोघांपैकी एकाने उठायला हवं, आणि या वेळी मी उठते. केवढा गोंधळ झाला म्हणून सांगू. ‘ताई, तुम्ही नसाल तर आम्ही बोलायचं कसं?’ ‘आम्हाला वाऱ्यावर सोडता?’ एक जण रडली. मी म्हटलं, तुम्हाला वाटतं ताईशिवाय युनियन नाही. असं असेल तर ती आजच मोडलेली बरी. तेव्हा दाराशी बसलेली खडूस म्हणाली, ‘मी बसते त्याच्यासमोर. माझा काही तो भाऊ नाही.’ तिच्या जोडीला अबोली. दोघींची नावं ठरली. समेट अधिकाऱ्याला आणि मॅनेजरला मी हे नातं आणि ही व्यवस्था लेखी कळवली आहे, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको.

म्हणून हे पत्र. ते मिळालं की लगेच तुझ्या साहेबांकडे जा आणि घरगुती अडचण काय होती ते स्पष्ट सांग. बहीण त्या कारखान्यात आहे, पण ती बोलण्यांत नाही, आणि दोन्ही बाजूंना ते माहीत आहे. त्यानंतरही ते तुला पाठवणार असतील तर नकार मागे घे आणि ये. आमच्या मागण्या काय असतील ते मी इथे लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. वर जे लिहिलं ते मॅनेजरलाही ठाऊक आहे, आणि हे सगळं पत्र मी खडूसला वाचून दाखवलंय. ती म्हणाली, ‘माझ्याबद्दल कमीच लिहिलंस.’ तिच्याशी गोड बोलू नकोस, तिला ते चालत नाही. मी तुझी बहीण म्हणून या बायकांना काही जास्त देऊ नकोस, आणि मी तुझी बहीण म्हणून कमीही देऊ नकोस. जे जमणार नाही त्याला तोंडावर नाही म्हण, आणि जे कबूल करशील ते त्याच बैठकीत लिहून दे. तुम्ही आत बोलत असाल तेव्हा मी कामावर असेन, आणि मला माहीत आहे, त्या दिवशी माझी एकही घडी सरळ पडणार नाही. सही झाली की माझ्याकडे जेवायला ये, कितीही उशीर होऊ दे. पण आत काय ठरलं ते तू मला सांगू नकोस. ते मला आधी खडूसच्या तोंडून ऐकायचंय.

तुझीच,
ताई